परदेशी व्यवस्थापनशाळा आणि आपले उमेदवार

बडोद्याच्या मराठी घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. मुलगा अभियंता झाला, चार वर्षे नोकरी झाली, आणि आता त्याच्या मनात हार्वर्ड, व्हार्टन, स्टॅनफर्ड किंवा फ्रान्समधील इन्सिआड यांपैकी एखाद्या संस्थेत जाऊन एम. बी. ए. करावयाचे आहे, तर प्रवेश मिळण्याचा संभव कितपत? हाच प्रश्न मुलींच्या बाबतीतही आता तितक्याच उत्सुकतेने विचारला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. विचारणारे पालक सोबत गुणपत्रिका आणि जीमॅट परीक्षेचा आकडा घेऊन येतात, आणि त्या दोन कागदांवरून उत्तर निघावे अशी त्यांची अपेक्षा असते. ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही. दहावीची टक्केवारी, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेतील क्रमांक, कॅटचे पर्सेंटाइल, अशी आपल्याकडील बहुतेक दारे आकड्यांनीच उघडतात. परदेशी व्यवस्थापनशाळांत मात्र गुणवत्ता यादी नावाचा प्रकारच नाही. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली म्हणजे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

या शाळा आपल्याला अगदीच परक्या आहेत असेही नाही. फिलाडेल्फियाची व्हार्टन १८८१ सालची, हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ ची, स्टॅनफर्डची १९२५ ची, तर इन्सिआडचा जन्म १९५७ चा. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत १९६१ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था निघाली ती हार्वर्डच्या सहकार्याने, आणि एखाद्या उद्योगाचा खराखुरा प्रसंग वर्गापुढे मांडून त्याची चिरफाड करण्याची हार्वर्डची पद्धत तिच्याबरोबरच या प्रांतात आली. मुंबई विद्यापीठ, अहमदाबाद आणि स्टॅनफर्ड असा प्रवास केलेले श्रीकांत दातार २०२१ च्या जानेवारीत हार्वर्डच्या त्या शाळेचे अधिष्ठाता झाले. तेव्हा दार बंद आहे असे कोणी म्हणू नये. ते अरुंद किती आहे, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न.

हार्वर्डकडे गेल्या काही वर्षांत दरसाल आठ ते दहा हजार अर्ज येत आले आहेत आणि वर्ग असतो सुमारे नऊशे तीसांचा. स्टॅनफर्डचा वर्ग त्याच्या निम्म्याहूनही लहान, सव्वाचारशेच्या आसपास, आणि अर्ज सहा-सात हजार. म्हणजे हार्वर्डला ढोबळमानाने आठ-नऊ अर्जांमागे एकास होकार मिळतो. स्टॅनफर्डला बारा ते पंधरांमागे एकास. इन्सिआड वर्षातून दोनदा मिळून हजाराच्या आसपास विद्यार्थी घेते. तिचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. पण हे दर सरसकट सर्वांचे झाले. आपल्या मुलास ते जसेच्या तसे लावणे म्हणजे सबंध गुजरातच्या पावसाची सरासरी पाहून डांगमध्ये छत्री न नेण्यासारखे आहे. हार्वर्डच्या वर्गात अमेरिकेबाहेरचे विद्यार्थी तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे असतात, आणि ते साठांहून अधिक देशांतून आलेले असतात. या जागांसाठी भारतातून येणारे अर्ज संख्येने फार आणि एकमेकांसारखे त्याहून फार. अभियंता, पुरुष, वय सत्तावीस, संगणकक्षेत्रातील मोठ्या कंपनीत चार वर्षे, त्यांतील आठ महिने परदेशी ग्राहकाकडे, जीमॅट उत्तम: अशा वर्णनाचे अर्ज निवड समितीच्या मेजावर थप्पीने पडलेले असतात. देशवार राखीव जागा नाहीत असे या शाळा सांगतात, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. तथापि वर्गात नाना अनुभवांची माणसे असावीत हा त्यांचा उघड हेतू आहे, आणि त्या हेतूचा व्यवहारातील अर्थ असा, की आपल्या उमेदवाराची तुलना ब्राझीलच्या वकिलाशी किंवा अमेरिकन नौदलातील अधिकाऱ्याशी होण्याआधी पुण्याच्या, हैदराबादच्या आणि बंगळूरच्या अभियंत्यांशी होते.

जीमॅटविषयी पालकांच्या मनात जी धास्ती असते ती थोडी कमी करावयास हवी, आणि उमेदवारांच्या मनात जी भक्ती असते तीही. १९५४ पासून चालत आलेल्या या परीक्षेचे स्वरूप २०२३ च्या नोव्हेंबरात बदलले आणि जुनी परीक्षा २०२४ च्या जानेवारीअखेर बंद झाली. नव्या परीक्षेत गणित, भाषा आणि माहितीचे आकलन असे पाऊण-पाऊण तासाचे तीन भाग आहेत. निबंध काढून टाकला आहे. गुणांक २०५ ते ८०५ या पट्ट्यात मिळतो आणि त्याचा शेवटचा अंक नेहमी पाचच असतो. त्यामुळे ‘शेजारच्या मुलास सातशे होते, आमच्याला सहाशे पंचेचाळीसच’ अशी खंत करणाऱ्यांनी थोडे थांबावे. नव्या मापाचे ६४५ हे जुन्या ७०० च्या तोडीचे आहेत. अव्वल शाळांच्या वर्गाचा मध्यबिंदू जुन्या मापाने ७३० ते ७४० च्या घरात असतो. आपल्या अभियंत्यांचे गणित चांगले असतेच, म्हणून त्याचे वेगळे कौतुक कोणी करीत नाही. उलट गणितात उमेदवार कच्चा निघाला तर मात्र भुवया उंचावतात. मध्यबिंदूच्या आसपास पोचल्यावर आणखी दहा-वीस गुणांसाठी तिसऱ्यांदा-चौथ्यांदा परीक्षा देत बसण्यात आम्हांस शहाणपणा वाटत नाही. ते सहा महिने हातातल्या कामाला द्यावेत.

गुणपत्रिकेबाबत एक भीती निष्कारण पसरली आहे. आपल्या विद्यापीठांत साठ टक्क्यांस प्रथम वर्ग आणि अमेरिकेत साठ टक्के म्हणजे जवळजवळ नापास. तेव्हा तिकडे आपली पत्रिका पाहून हसतील, ही ती भीती. भारतीय अर्ज वाचणाऱ्यांना आपल्या विद्यापीठांची मापे चांगली ठाऊक असतात. टक्क्यांचे रूपांतर आपणच चारांच्या पट्टीत करून लिहू नये. शाळेने तसे स्पष्ट मागितले नसेल तर पत्रिकेत जसे आहे तसेच द्यावे. बी. कॉम. किंवा बी. एस्सी. च्या तीन वर्षांच्या पदवीबद्दल मात्र शाळागणिक नियम पाहावा लागतो. पुष्कळ नामांकित शाळा ती चालवून घेतात, काही चार वर्षांचा आग्रह धरतात. हा नियम अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी पाहावा, कारण ते एकेका शाळेस अडीचशे डॉलरच्या आसपास असते.

आता मुख्य मुद्दा, आणि येथे थोडे सावकाश जाऊ. समजा, दोन अर्ज आमच्यापुढे आहेत. पहिला तरुण नामवंत संस्थेतून अभियंता झालेला, संगणकक्षेत्रातील बड्या कंपनीत नोकरीस, जीमॅट ७०५. त्याच्या कामाच्या वर्णनात ‘सहभाग घेतला’, ‘समन्वय केला’, ‘जबाबदारी पार पाडली’ अशी क्रियापदे ओळीने उभी आहेत. दुसरी तरुणी येथल्याच महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्याशाखेतून, १८९० च्या कलाभवनातून वाढलेल्या त्या वास्तूतून, बाहेर पडलेली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रोहित्रे बनविणाऱ्या मध्यम कारखान्यात ती पाच वर्षे आहे, जीमॅट ६५५. तिने लिहिले आहे की, रात्रपाळीत गुंडाळण्या सदोष निघण्याचे प्रमाण दिवसपाळीच्या दुप्पट होते. सर्वांनी कामगारांच्या झोपेस दोष दिला. तिने तीन आठवडे स्वतः रात्री थांबून पाहिले तेव्हा कळले की, संध्याकाळी भट्टी लवकर बंद केल्यामुळे पुठ्ठ्याच्या निरोधकात ओल राहते. भट्टीची वेळ बदलावी म्हणून तिने मालकांशी दोनदा वाद घातला आणि तिसऱ्यांदा पटवून दिले. दोघांपैकी कोणाचा संभव अधिक?

आमच्या ओळखीचे बहुतेक पालक पहिल्याचे नाव घेतील. आम्ही दुसरीचे घेऊ. जीमॅटच्या आकड्यात ती मागे आहे, आणि हार्वर्ड-स्टॅनफर्डच्या दृष्टीने तो आकडा उणा पडण्याचा धोका आहे, हे लपविण्यात अर्थ नाही; तिने एकवार पुन्हा परीक्षा द्यावी असेच आम्ही म्हणू. परंतु अर्ज वाचणारा माणूस ज्या गोष्टी शोधीत असतो त्या तिच्या कागदात आहेत. हिला अभ्यास झेपेल का, हे पदवीच्या गुणांवरून दिसते. अधिकार नसताना हिने लोकांना हलविले का, हे भट्टीच्या हकिगतीत दिसते. आणि वर्गातील नव्वद जणांना हिच्याकडून काही ऐकण्यासारखे मिळेल का, याचेही उत्तर तेथेच आहे. पहिल्या तरुणाने कदाचित याहून मोठे काम केले असेल. तो ते सांगत नाही, एवढेच. त्याच्या अर्जातील कंपनीचे नाव पुसून दुसरे घातले तरी मजकूर तसाच राहतो, आणि ज्या अर्जास ही कसोटी लागू पडते तो अर्ज दुबळा समजावा.

पहिल्या तरुणास आशा नाही असे मात्र नव्हे. चार वर्षांत त्याने कोणाचे तरी काम वाचविले असेल, एखाद्या रागावलेल्या ग्राहकास सांभाळले असेल, नव्या मुलांना शिकविले असेल. ते प्रसंग खणून काढण्यास त्याला महिना-दीड महिना लागेल, आणि तेवढा वेळ त्याने द्यावा. आपल्या संस्कारांची येथे थोडी अडचण होते. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे सांगू नये असे लहानपणापासून ऐकलेला मुलगा ‘आमच्या गटाने हे साध्य केले’ असे लिहून मोकळा होतो. मासिकाच्या लेखकाने ‘आम्ही’ म्हणावे हा जुना रिवाज झाला. अर्जात मात्र ‘मी काय केले’ हेच विचारलेले असते. याचा अर्थ फुशारकी मारावी असा नाही. भट्टीची वेळ बदलली हे सांगण्यात फुशारकी कोठे आहे?

हार्वर्डने २०२४ पासून एका मोठ्या मोकळ्या निबंधाऐवजी तीन लहान उत्तरे मागावयास आरंभ केला: उद्योगाविषयीची दृष्टी, नेतृत्व आणि स्वतःची वाढ. स्टॅनफर्ड मात्र पुष्कळ वर्षे एकच प्रश्न विचारीत आले आहे की, तुम्हांस सर्वांत मोलाचे काय वाटते आणि का. या ‘का’ पाशी आपली मुले अडखळतात. बाहेरून निबंध लिहून देणाऱ्यांचा धंदा त्यामुळेच तेजीत आहे. एखाद्या जाणत्याकडून कच्चा मसुदा वाचून घेणे वेगळे, आणि पैसे मोजून दुसऱ्याचे मन आपल्या नावावर पाठविणे वेगळे. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. होकारानंतर नोकरी, पगार, पदव्या आणि शिफारसपत्रे यांची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून होते, आणि खोटे आढळल्यास दिलेला प्रवेश काढून घेतात. शिवाय मुलाखत असतेच. व्हार्टनमध्ये तर पाच-सहा उमेदवारांना एकत्र बसवून एक प्रश्न सोडवावयास देतात आणि कोण कसे ऐकतो, कसे बोलतो हे पाहतात. विकत घेतलेली भाषा त्या मेजापर्यंत पोचत नाही.

शिफारसपत्राचा विषय त्याहून नाजूक. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत किती सहजतेने उच्चारले जाते! साहेबांस वेळ नसतो, मनात वाईटही नसते. पण उमेदवाराने लिहिलेल्या दोन्ही पत्रांची आणि निबंधाची लकब एकच निघते आणि वाचणाऱ्यास ती ओळखू येते. या शाळांना पत्र हवे असते ते प्रत्यक्ष वरिष्ठाचे, ज्याने उमेदवारास रोज काम करताना पाहिले आहे त्याचे. आणि त्यात उणिवाही विचारलेल्या असतात. ओळखीच्या आमदाराचे, कुलगुरूंचे किंवा मामांच्या वर्गमित्र असलेल्या अध्यक्षांचे पत्र मिळवून आपण मोठी बाजी मारली असे समजणाऱ्यांनी ते पत्र घरीच जपून ठेवावे. साहेब खरोखरच घाईत असतील तर त्यांच्याकडे बसून दोन-तीन प्रसंगांची आठवण करून द्यावी. लेखन त्यांचे त्यांना करू द्यावे.

आपल्या समाजातील मुलांजवळ एक भांडवल आहे ज्याकडे त्यांचे सहसा लक्ष जात नाही. घरात मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि कागदावर इंग्रजी असे चार भाषांत वावरणारे तरुण बडोद्याला नवे नाहीत. बेळगाव, हैदराबाद, इंदूर येथल्या आपल्या बांधवांचेही असेच आहे. इन्सिआडने तर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा यावी अशी अट अनेक वर्षे ठेवली होती. दोन समाजांत एकाच वेळी राहणे म्हणजे काय, हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे त्याने ते सांगण्यास संकोच करू नये.

पैशाची गोष्ट टाळून चालणार नाही, कारण घर गहाण पडते ते येथे. अमेरिकेतील अव्वल शाळेत दोन वर्षांची फी आणि राहणे मिळून खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात जातो, म्हणजे दोन कोटी रुपयांहून अधिक. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड आपल्या निधीतून जे साहाय्य देतात ते उमेदवाराची गरज पाहून, आणि परदेशी विद्यार्थ्यांसही ते मिळते. २०२२ मध्ये हार्वर्डने सर्वांत गरजू अशा सुमारे दहा टक्के विद्यार्थ्यांची संपूर्ण फी माफ करण्याचे ठरविले. हे ठाऊक नसल्यामुळे मध्यमवर्गीय घरांतील हुशार मुले अर्जच करीत नाहीत, याचे आम्हांस फार वाईट वाटते. १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्त्या देणारा जमशेटजी टाटांचा निधी अनेकांना माहीत आहेच. स्टॅनफर्डमध्ये भारतीय नागरिकांसाठी रिलायन्स-धीरुभाई शिष्यवृत्ती ठेवली गेली, तिच्यात अट अशी की, शिक्षणानंतर दोन वर्षांच्या आत परत येऊन निदान दोन वर्षे भारतात काम करावे.

ही अट वाचून बडोदेकरांना दुसरा एक करार आठवावा. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. निवड समिती नव्हती, जीमॅट नव्हती. महाराजांनी पारख केली, आणि तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी पुढे काय झाला हे जगाला ठाऊक आहे. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास आले तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा कोणी दिली नाही, हेही त्याच इतिहासाचे पान आहे, आणि ते वगळून सयाजीरावांच्या दूरदृष्टीचे गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

कर्ज काढणाऱ्याने आणखी एक हिशेब मांडावा. पदवीनंतर अमेरिकेत सामान्यतः एक वर्ष काम करता येते, आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या गटात मोडत असल्यास आणखी दोन वर्षे. पुढचे सारे व्हिसावर. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने परदेशी विद्यार्थी घेण्याचा हार्वर्डचा परवानाच काढून घेण्याचा प्रयत्न केला आणि न्यायालयाने तो रोखला. त्याच वर्षी सप्टेंबरात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसविण्याची घोषणा झाली, आणि मागाहून ती अमेरिकेतच शिकत असलेल्यांच्या अर्जांना कशी लागू नाही याचे खुलासे आले. अशा वातावरणात ‘तिकडची नोकरी मिळेलच’ असे गृहीत धरून घराची कागदपत्रे बँकेत नेणे धाडसाचे आहे. भारतातील पगारावर हप्ता झेपेल का, हे आधी पाहावे. झेपत नसेल तर २००१ पासून चालू असलेली हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस किंवा अहमदाबादचा अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम यांचा विचार कमीपणाचा मानू नये.

अर्ज किती शाळांना करावेत, याचे आमचे उत्तर चार ते सहा असे आहे. त्यांपैकी दोन अतिकठीण, दोन-तीन आवाक्यातील वाटणाऱ्या, आणि प्रत्येक अशी की तेथे खरोखरच जावेसे वाटते. केवळ होकार मिळावा म्हणून निवडलेल्या शाळेचा होकार आला म्हणजे घरात आनंदाऐवजी खल सुरू होतो. नकार सर्वत्र आले तर पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येतो आणि तसे करणाऱ्यांना या शाळा कमी लेखीत नाहीत. मात्र मधल्या बारा महिन्यांत काय बदलले हे दाखवावे लागते, आणि तोच निबंध नव्या तारखेने पाठविला तर उत्तरही बहुधा तेच येते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलांसाठी काही शाळांनी आगाऊ प्रवेशाची सोय ठेवली आहे. हार्वर्डच्या अशा योजनेत प्रवेश आधी मिळतो आणि निदान दोन वर्षे नोकरी करून मग वर्गात जावयाचे असते.

शेवटी वेळापत्रक. पहिल्या फेरीची मुदत बहुधा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरीची जानेवारीच्या आरंभी. तिसरी फेरी ठेवणाऱ्या शाळांची मार्च-एप्रिलात असते, पण व्हिसाची दगदग पाहता परदेशी उमेदवाराने तिच्यावर विसंबू नये. पहिल्या फेरीचे दिवस नेमके गणपतीच्या आगेमागे येतात, तेव्हा साहेब गावी गेलेले आणि उमेदवार आरतीच्या तयारीत असतो. शिफारसपत्रासाठी वरिष्ठांना जूनमध्येच भेटावे, जीमॅट त्याआधी उरकावी, आणि निबंधाचा पहिला मसुदा आषाढी एकादशीच्या सुमारास कागदावर असावा.